उजेडाच्या मापानें गांवाची मोजदाद

गेल्या कार्तिकांत आपल्या संस्थेच्या एका सभासदांनीं पालघर जिल्ह्याचें एक चित्र बैठकींत आणून दाखविलें. चित्र उपग्रहावरून, रात्रीच्या वेळीं घेतलेलें. पश्चिमेस वसई-विरारची झळाळी, तिच्या वरच्या अंगास बोईसर-तारापूरचा पट्टा, उत्तरेस सेल्वासचा डाग, दक्षिणेस भिवंडी आणि तिच्यापलीकडे मुंबईचा नुसता पांढरा लोळ. या सर्वांच्या मध्यें एक काळें भोंक. जव्हार शहराचा बारीकसा दाणा सोडला तर त्या भोंकांत कांहींएक दिसत नाहीं. तें भोंक म्हणजे जव्हार व मोखाडा हे दोन तालुके. बैठकीस पाहुणे म्हणून आलेल्या एका सुशिक्षित गृहस्थांनीं चित्रावर बोट ठेवून सांगितलें कीं, "जेथें उजेड नाहीं तेथें उद्योग नाहीं, आणि हें आतां मोजून सिद्ध करतां येतें." कोणी कांहीं बोललें नाहीं. मलाही त्या वेळीं उत्तर सुचलें नाहीं. घरीं आल्यावर या विषयावर मिळालें तें वाचलें, पुढें मार्गशीर्षांत दाभोशास जाऊन एक रात्र काढली, आणि त्यावरून माझें जें मत झालें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

मी या चित्रांचा द्वेष्टा नाहीं, हें आधींच सांगून टाकतों. तीं कशीं निघतात हें समजल्यावांचून त्यांस नांवें ठेवणें योग्य नव्हे. अमेरिकेच्या लष्करी हवामान-उपग्रहांवर रात्रीचे ढग पाहण्याकरितां एक यंत्र बसविलेलें असे. ढग पाहतां पाहतां त्यांत शहरांचे दिवे, तेलविहिरींवरील ज्वाळा आणि रानांतले वणवेही उमटूं लागले. हवामानवाल्यांस जी अडगळ, तीच इतर शास्त्रज्ञांस ठेव वाटली. १९९२ पासून २०१३ पर्यंतच्या अशा चित्रांचा वर्षवार संग्रह तयार झाला. त्यांत प्रत्येक चौकटीस ० पासून ६३ पर्यंत गुण असत. मोठ्या शहराच्या मध्यभागीं ६३ च्या वर जाण्यास जागाच नसे, आणि खेड्याच्या वांट्यास बहुधा शून्य येई. चौकट तरी केवढी? एकेक बाजू सुमारें पावणेतीन किलोमीटर, म्हणजे आपल्या हिशेबानें अठराशें एकर! पुढें २०११ च्या ऑक्टोबरांत सुओमी एन.पी.पी. नांवाचा नवा उपग्रह सुटला. त्याच्या यंत्राची चौकट ७४२ मीटरांची, म्हणजे सुमारें १३६ एकरांची, असून त्याची दृष्टि जुन्यापेक्षां पुष्कळच तीक्ष्ण आहे. मात्र एक फरक ध्यानांत ठेवावा. जुने उपग्रह संध्याकाळनंतर, जेवणवेळेच्या सुमारास डोक्यावरून जात. नवा जातो तो मध्यरात्र उलटून दीड वाजतां.

या चित्रांवरून विद्वानांनीं बरेंच काम केलें आहे. २०१२ सालीं हेंडरसन, स्टोरीगार्ड व वाइल या तिघां अर्थशास्त्रज्ञांनीं, ज्या देशांत सरकारी आंकडे भरंवशाचे नाहींत तेथें उजेडाच्या वाढीवरून उत्पन्नाच्या वाढीचा अंदाज बांधतां येतो, असें दाखविलें. आपल्या देशांतील सुमारें ६ लाख खेड्यांचा १९९३ ते २०१३ या काळांतील रात्रीचा उजेड ब्रायन मिन या संशोधकानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं गांववार मांडून सर्वांस खुला केला. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रानेंही २०१२ ते २०२१ या दशकांतील उजेडाचा नकाशासंग्रह काढला. त्याप्रमाणें देशाचा उजेड या काळांत सुमारें ४३ टक्क्यांनीं वाढला. हीं कामें निष्ठेनें केलेलीं आहेत. (दर दिवाळीस मोबाइलवरून जें रंगीबेरंगी "दिवाळीच्या रात्रीचा भारत" म्हणून फिरतें, तें मात्र दिवाळीचें चित्र नव्हे, निरनिराळ्या वर्षांचे दिवे निरनिराळ्या रंगांत दाखविलेला तो नकाशा आहे. नासानें २०१२ च्या दिवाळींतील खरें चित्र प्रसिद्ध केलें आहे, आणि त्यांत पणत्यांचा उजेड निराळा ओळखूं येत नाहीं.)

आतां दाभोशाकडे वळूं. जव्हारहून सेल्वासकडे जाणाऱ्या वाटेनें वीसेक किलोमीटर गेलें म्हणजे हें गांव लागतें. लेंढी नदी तेथें सुमारें तीनशें फूट कड्यावरून खालीं उडी घेते, आणि तिचा धबधबा पाहावयास मुंबई-नाशिककडील मंडळी येतात. धबधबा पाहून तीं परततात. पाडे त्यांस दिसत नाहींत. मी गेलों तो रस्ता सोडून वरच्या एका पाड्यावर एका वारली म्हाताऱ्याच्या घरीं उतरलों. घर कुडाचें, आंत एका अंगास नागलीची कणगी, शेजारीं वरईची लहान कणगी, आढ्याला बियाण्याचीं कणसें टांगलेलीं. खुरासणी नुकतीच झोडून झालेली. घरांत म्हातारा, त्याची बायको आणि दोन नातवंडें एवढींच माणसें. मुलगा आणि सून कोठें म्हणून विचारलें, तर दिवाळी होतांच भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलीं. शेजारच्या चार घरांस बाहेरून कडी होती. तीं माणसें नाशिकच्या बाजूस द्राक्षबागांत.

रात्रीं दीड वाजतां मुद्दाम उठून पाड्यामागच्या टेकडीवर उभा राहिलों. उपग्रह त्या क्षणीं माझ्या डोक्यावर होता असें समजूं. त्यास जें दिसलें असतें तें मीं मोजलें : खालच्या पाड्याच्या वाटेवर विजेच्या खांबावरचे दोन दिवे, एका ओटीवर एक मिणमिणता बल्ब, आणि दूर धबधब्याच्या अंगास एका उपाहारगृहाचा पांढरा दिवा. बाकी काळोख. सकाळीं म्हाताऱ्यास मीं माझ्या उठण्याचें कारण सांगितलें. तो म्हणाला, "निजलेल्या माणसाला दिवा कशाला, दादा?"

पण माझा मुख्य आक्षेप निजण्याचा नव्हे. वर्षाच्या हिशेबाचा आहे. या मुलुखांत काम केव्हां चालतें तें पाहा. चैत्र-वैशाखांत पालापाचोळा व शेण पसरून राब भाजतात. मृग लागला कीं भात व नागलीचीं रोपें टाकावयाचीं, आषाढांत चिखल करून भात लावावयाचा, उतारावर नागली आणि वरई, मग उडीद, खुरासणी, बेणणी, राखण, आणि आश्विन-कार्तिकांत कापणी व झोडणी. ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत प्रत्येक घर भरलेलें असतें. पाड्यांत धडधाकट माणूस रिकामा सांपडावयाचा नाहीं. आणि नेमक्या याच महिन्यांत सह्याद्रीच्या या अंगावर आकाश झांकलेलें असतें. ढगांतून दिवा मोजतां येत नाहीं. ढगाळ रात्रींचे आंकडे शास्त्रज्ञ प्रामाणिकपणें टाकून देतात. त्यामुळें आषाढ-श्रावणांत या पट्ट्यांतली स्वच्छ रात्र त्यांच्या हातीं क्वचितच लागते. वर्षाचा म्हणून जो आंकडा बनतो तो बहुतांशीं कार्तिकापासून वैशाखापर्यंतच्या रात्रींचा. म्हणजे पाडे भरलेले असतात तेव्हां ढग, आणि ढग हटतात तेव्हां पाडे रिकामे! ज्या घरांस बाहेरून कडी आहे त्यांचें काम मोजण्यास हें यंत्र पौषांत येतें, आणि तेथें काळोख आहे अशी नोंद करून जातें.

तीच माणसें त्या वेळीं कोठें असतात? भिवंडीच्या गोदामांच्या व यंत्रमागांच्या झगमगाटांत, वसईच्या बांधकामांवर, भट्टीशेजारच्या गवती खोपींत. त्यांच्या हातचें काम उजेडाच्या चौकटींत पडतें खरें, पण तें भिवंडीच्या नांवावर जमा होतें. आणि खोपींत राहणारें कुटुंब चित्रांत झगमगणाऱ्या, म्हणून सुखवस्तु, वस्तींतलें ठरतें. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी झाली तेव्हां मोठ्या शहरांचा उजेड कमी झाला हें उपग्रहांनीं टिपलें. शहरांतून पायीं निघालेलीं माणसें ज्या पाड्यांवर पोंचलीं तेथें घरें पुन्हां भरलीं, परंतु खांबावरचे दिवे होते तितकेच राहिले. माणसांचें हें येणें या मापांत कसें दिसावें?

चौकटीच्या आकाराचाही विचार करावा. पाडा म्हणजे तीस-चाळीस घरें, तींही टेकडीच्या दोन अंगांस विखुरलेलीं. व्हिएतनामांतील खेड्यांसंबंधींचा एक अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें आढळलें कीं, जुन्या उपग्रहाच्या मोजणींत एक गुण वाढावयास रस्त्यावरचे ६० ते ७० दिवे किंवा वीज आलेलीं २४० ते २७० घरें लागतात. नवें यंत्र पुष्कळ सूक्ष्म आहे हें मान्य. परंतु १९९२ पासूनची जी तुलना दाखविली जाते तिचा पूर्वार्ध या जुन्या मापाचाच आहे. त्याआधीं २०१३ सालीं आफ्रिकेंतील सेनेगल व माली या देशांतील खेड्यांची पाहणी झाली होती. तिचा निष्कर्ष असा कीं, आकाशांतून जें दिसतें तें मुख्यत्वें रस्त्यांवरच्या दिव्यांमुळें, घरांतल्या विजेशीं त्याचा संबंध थोडा. आणखी एक बारीक गोष्ट. नव्या यंत्रास निळसर उजेड दिसत नाहीं. सोडियमचे पिवळे दिवे काढून ग्रामपंचायतीनें पांढरे एल.ई.डी. लावले, तर गांवकऱ्यांस रस्ता अधिक स्वच्छ दिसेल, आणि चित्रांत तेंच गांव किंचित् मावळलेलें दिसण्याचा संभव आहे.

देशावरच्या वाचकांनीं हा केवळ डोंगराळ तालुक्यांचा प्रश्न समजूं नये. महाराष्ट्रांत शेतीपंपांस आठवड्याच्या पाळीनें दिवसा आठ तास व रात्रीं दहा तास वीज देण्याची पद्धति वर्षानुवर्षें चालत आली. दिवसा वीज मिळावी म्हणून शेतकऱ्यांनीं केलेलीं आंदोलनें आणि त्यानंतर २०१७ सालीं आलेली सौर कृषि वाहिनीची योजना सर्वांस ठाऊक आहेत. रात्रींच्या पाळींत थंडीवाऱ्यांत, विंचूकाट्यांतून, हातांत विजेरी घेऊन ज्यानें गव्हाला पाणी दिलें आहे त्यास मी काय सांगूं? सबंध राज्यांत रात्रीं दीड वाजतां शेतीचें एवढें मोठें काम चालूं असे, आणि उपग्रहास त्यांतला एक थेंबही दिसत नसे. कारण तो पंप पाहत नाहीं, दिवा पाहतो. उलट कोणी ड्रॅगन फळाच्या बागेंत हंगामाबाहेर फूल धरावें म्हणून बल्ब लावले, तर तो एक एकर शंभर एकर ज्वारीपेक्षां अधिक उद्योगी ठरेल. विद्वानांसही हें ठाऊक नाहीं असें नव्हे. २०१५ सालीं "वर्ल्ड डेव्हलपमेंट" या नियतकालिकांत आलेल्या एका लेखांत, शेतीचें उत्पन्न वाढलें तरी त्याबरोबर रात्रीचा उजेड वाढत नाहीं, म्हणून जमिनीच्या वापराचीं दिवसाचीं चित्रें जोडीस घ्यावीं, असें स्पष्ट म्हटलें आहे. पण लेखांतला हा इशारा बैठकींतल्या बोटापर्यंत पोंचत नाहीं. तेथें पोंचतें तें नुसतें चित्र.

कोणी म्हणेल, एका चित्रानें असें काय बिघडतें? बिघडण्यासारखें पुष्कळ आहे. टोगो या पश्चिम आफ्रिकेंतील देशांत २०२० सालीं, साथीच्या दिवसांत, रोख मदत आधीं कोणत्या विभागांत पाठवावी हें ठरविण्यास उपग्रहाचीं चित्रें आणि मोबाइल फोनच्या वापराचे आंकडे कामीं आणले गेले. तेथील हेतु चांगला होता आणि घाईची वेळ होती; मी त्यास दोष देत नाहीं. परंतु यावरून एवढें उघड होतें कीं, आकाशांतून बांधलेल्या अंदाजावर माणसाच्या हातांत पैसे पडणें न पडणें ही आतां कल्पनेंतली गोष्ट राहिलेली नाहीं. उद्यां आपल्याकडे रस्त्याचा, रोहित्राचा, शीतगृहाचा किंवा मदतीचा क्रम लावतांना कोणी हा आंकडा पुढें केला तर? अंधार म्हणजे दारिद्र्य धरलें तर पाड्यावरच्या म्हाताऱ्यास कदाचित् कांहीं मिळेल, पण भट्टीवरची त्याची सून वगळली जाईल. अंधार म्हणजे उद्योगाचा अभाव धरला तर मालाला रस्ताच मिळावयाचा नाहीं. दोन्ही हिशेबांत माणूस एका ठिकाणीं आणि त्याची गणती दुसऱ्या ठिकाणीं.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. उपग्रह लांच घेत नाहीं. गांवचीं दप्तरें किती खरीं असतात तें आपण जाणतों. हें मला कबूल आहे. घरबसल्या लिहिलेली पीकपाहणी मींही पाहिली आहे. वीजेच्या बाबतींत तर सरकारी व्याख्याच अशी होती कीं, गांवांतल्या शेंकडा दहा घरांस वीज पोंचली म्हणजे गांव विद्युतीकृत समजावें. २०१८ च्या एप्रिलअखेरीस देशांतील सर्व गांवें विद्युतीकृत झाल्याचें जाहीर झालें तें याच व्याख्येनें. अशा वेळीं दिवे खरोखर लागतात काय हें आकाशांतून पाहणारा तटस्थ साक्षीदार असणें ही मोठी सोय आहे, आणि तिचा उपयोग आपण करून घ्यावा असेंच माझें मत आहे. पण साक्षीदारास त्यानें जें पाहिलें तेवढेंच विचारावें. शिवाय दप्तरांत चूक झाली तर तलाठ्याकडे, तहसीलदाराकडे, प्रांताकडे अर्ज करतां येतो. जबाब देतां येतो, शेजाऱ्याची साक्ष काढतां येते. चौकटींतल्या शून्यावर अपील कोणाकडे करावयाचें?

म्हणून माझ्या सूचना थोड्या व व्यवहाराच्या आहेत. रात्रीच्या उजेडाचा आंकडा कोणींही आपल्यापुढें ठेवला तर पहिला प्रश्न हा विचारावा कीं, तो कोणत्या महिन्यांचा, आणि त्या महिन्यांत ढगावांचून किती रात्री मिळाल्या? हा प्रश्न अडविण्यासाठीं म्हणून नाहीं. महिनेवार चित्रांबरोबर चौकटीगणिक स्वच्छ रात्रींची संख्या प्रसिद्ध होत असते, ती फक्त कोणी मागत नाहीं. श्रावणाच्या रकान्यांत ती शून्य किंवा एक-दोन निघाली तर तो महिना अंधाराचा न धरतां न पाहिलेला धरावा. दुसरें, ई-पीक पाहणी २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर सुरू झाली आहे. ती नुसती अनुदानाची कटकट समजून कशीतरी उरकूं नये. नागली, वरई, खुरासणी हीं पिकें "इतर" म्हणून न लिहितां नांवानें नोंदलीं गेलीं, तरच अंधाऱ्या चौकटीखालीं काय उभें आहे हें दाखविण्यास आपल्याजवळ कागद राहील. डोंगरावर मोबाइलास संपर्क मिळत नाहीं ही अडचण खरी आहे, आणि तीही लेखी नोंदवावी.

विजेच्या तक्रारींसाठीं पुण्याच्या प्रयास संस्थेच्या ऊर्जा गटाची रीत मला फार आवडली. त्यांनीं २००७ पासून निरनिराळ्या ठिकाणीं घरांत लहान यंत्रें बसवून वीज केव्हां आली, केव्हां गेली, किती दाबानें आली, याची मिनिटागणिक नोंद ठेवण्याचा उपक्रम चालविला. उपग्रह दीड वाजतांचा एक क्षण पाहतो. घरांतलें यंत्र दिवसाचे चोवीस तास पाहतें. रोहित्र जळून गांव आठ-पंधरा दिवस अंधारांत राहिलें तर दोन्ही साक्षी एकत्र ठेवून अर्ज करावा. मोठ्या बाजारगांवांपुरतें हें आजही करतां येण्यासारखें आहे. लहान पाड्यांस तूर्त वहींतली नोंदच बरी.

आणि शेवटचें आपल्यांपैकीं बागाइतदारांस. ज्यांच्या द्राक्षांच्या छाटणीस व खुडणीस जव्हार-मोखाड्याचीं कुटुंबें येतात, त्यांनीं हजेरीच्या वहींत मजुराच्या नांवापुढें त्याचें गांव व पाडा लिहीत जावें. आज बहुतेक वह्यांत टोळीच्या मुकादमाचें नांव आणि डोक्यांची संख्या एवढेंच असतें. पाड्यांतील कड्या लावलेलीं घरें आणि तुमच्या बागेंतील खोपी यांचा मेळ जमला तर कोणत्या महिन्यांत कोण कोठें होतें हें कोणत्याही चित्रापेक्षां अधिक खरें कळेल.

आपल्या संस्थेच्या दोघां तरुण सभासदांनीं येत्या श्रावणांत दाभोसा व आसपासच्या पाड्यांत जाऊन घरें, पेटते दिवे आणि घरांत असलेलीं माणसें मोजण्याचें कबूल केलें आहे; माघांत पुन्हां त्याच पाड्यांत तीच मोजणी व्हावयाची आहे. श्रावणांतल्या पावसांत त्या वाटा निसरड्या असतात, म्हणून आणखी दोन-तीन मंडळी मिळाल्यास बरें. इच्छा असणाऱ्यांनीं चिटणिसांस कळवावें. दोन्ही मोजण्यांचे कागद तयार झाल्यावर याच मासिकांत छापूं, आणि त्या पाहुण्या गृहस्थांसही एक प्रत पाठवूं.